कणकेची नानकटाई

माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी आमच्या नगरला बेकऱ्यांपुढे बायकांची गर्दी उसळे. पीठ, साखर, तूप आपले, भट्टी बेकरीवाल्याची. १९८८ साली मैद्याला पैसे उरले नाहीत, म्हणून आईने रेशनच्या गव्हाची कणीकच नेली. सावळी नानकटाई कुणाला दिसू नये म्हणून डबा पदराखाली झाकून आणला. शेजारणींपुढे चिवडा-शंकरपाळे ठेवले. डबा फडताळातच राहिला. आम्हां मुलांची मात्र चंगळ झाली!

ती कृती अशी : अर्धी वाटी वनस्पती तूप व अर्धी वाटी पिठीसाखर हलकी होईतो फेसावी. त्यात वाटीभर कणीक, दोन चमचे बेसन, चिमूटभर खाण्याचा सोडा व वेलदोड्याची पूड मिसळून चपटे गोळे करावेत. भट्टी नको. जाड कढईत मीठ पसरून १० मिनिटे तापवावे. त्यावर तिवई, वर तूप लावलेली ताटली व घट्ट झाकण. मंद आचेवर २०-२५ मिनिटे ठेवावे. गरम असता नानकटाई मऊच लागते. निवल्यावर खुसखुशीत होते.

यंदा आमच्या फराळाच्या ताटात ती सर्वांत पुढे असेल. आई हे पाहायला हवी होती.