गणनेबाहेरचे माओरी

1896 च्या जनगणनेत न्यूझीलंडमधील माओरींची संख्या 39,854 भरली आणि 1901 मध्ये ती 43,143 झाली. ज्या समाजात क्षय, गोवर आणि विषमज्वराने मुले दगावत होती आणि जमिनी वेगाने हातच्या जात होत्या, त्या समाजात पाच वर्षांत आठ टक्क्यांहून अधिक वाढ केवळ जन्मांमुळे झाली असेल, हे मानणे कठीण आहे. या वाढीचा काही भाग आधीच्या मोजणीतून निसटलेल्या माणसांचा असणार. तरीही 1896 चा आकडा त्या काळी ‘लयाला चाललेल्या वंशा’चा निर्णायक पुरावा म्हणून वाचला गेला. एकोणिसाव्या शतकात माओरी लोकसंख्या खरोखरच घटली, याबद्दल लोकसंख्याशास्त्रज्ञांत वाद नाही. ती किती, कुठे आणि कशामुळे घटली, हे ठरवताना मात्र मोजणीतील तूट थेट निष्कर्षात उतरते.

ही तूट अपघाती नव्हती. गोऱ्या वसाहतकऱ्यांसाठी कुटुंबवार पत्रके होती. माओरींची गणना वेगळी होई, ती आठवडेच्या आठवडे चाले, आणि स्थानिक अधिकारी ती बहुधा वस्तीच्या प्रमुखाला विचारून पुरी करीत. वयाची नोंद मुख्यतः पंधरा वर्षांखालील आणि त्यावरील एवढ्या दोनच गटांत होई. ज्या प्रदेशांनी वसाहतीची सत्ता मानली नव्हती, तिथे प्रगणक पोहोचतच नसे. 1863 च्या वायकाटो युद्धानंतर आणि जमीनजप्तीनंतर माओरी राजा टाफियाओ आणि त्याचे अनुयायी ज्या ‘किंग कंट्री’त गेले, तो भाग जवळजवळ दोन दशके सरकारी अधिकाऱ्यांना बंद होता; तिथली संख्या अदमासाने भरली जाई. ज्याची जमीन सरकारने नुकतीच जप्त केली आहे, त्याने त्याच सरकारच्या माणसाला आपल्या घरातील माथी मोजून द्यावीत, ही अपेक्षाच विचित्र होती.

यापेक्षा सूक्ष्म गळती वर्गीकरणात होती. मिश्रवंशीय व्यक्ती ‘युरोपियनांप्रमाणे’ राहते असे वाटले की तिची भर युरोपीय लोकसंख्येत पडे; ती टोळीबरोबर राहत असेल तरच माओरींत गणली जाई. हा निवाडा तिच्या वंशावळीवरून होत नसे, राहणीवरून होई. परिणामी माओरी समाजातील जो भाग नव्या अर्थव्यवस्थेत तगून राहत होता, तोच आकड्यांतून वजा होत गेला आणि उरलेल्यांच्या दैन्यावरून ‘वंशा’च्या क्षीणतेचे अनुमान काढले गेले.

मोजणीतील तूट निष्कर्षात उतरण्याचा हा पेच फ्रान्सिस डार्ट फेंटन यांच्या 1857-58 च्या गणनेत सर्वांत स्पष्ट दिसतो. 1859 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात माओरींची संख्या 56,049 होती. स्त्रियांपेक्षा पुरुष बरेच अधिक आणि मुले कमी आढळल्यामुळे त्यांनी समाजाच्या पुनरुत्पादनक्षमतेविषयी गंभीर निष्कर्ष काढला. पण प्रमुखाकडून घेतलेल्या माहितीत सर्वप्रथम निसटण्याची शक्यता असते ती स्त्रिया आणि लहान मुले यांचीच. स्त्री-पुरुष प्रमाणातील तफावत काही अंशी खरी असू शकेल. तरी जी आकडेवारी मोजणीच्या पद्धतीमुळेच तिरकी झाली असेल, तिच्यावरून जीवशास्त्रीय निदान करता येत नाही. पडताळा घ्यायला दुसरे साधनही नव्हते, कारण माओरींच्या जन्ममृत्यूची सक्तीची नोंदणी 1913 मध्येच सुरू झाली.

हेच फेंटन पुढे 1865 मध्ये माओरी जमिनींची मालकी ठरवणाऱ्या नेटिव्ह लँड कोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्या वर्षीच्या कायद्यानुसार पाच हजार एकरांखालील जमिनीच्या मालकीपत्रात दहापेक्षा अधिक नावे घालता येत नसत. गटातील उरलेले शेकडो हक्कदार कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वहीन ठरले आणि त्यांच्या जमिनी त्या दहांकडून विकत घेणे सोपे झाले. जनगणनेची आणि या कायद्याची तुलना मी इथे करतो, कारण दोन्हींत यंत्रणा एकच आहे. नोंदीच्या सोयीसाठी आखलेली मर्यादा आधी माणसांना वगळते, आणि मग त्या वगळण्याच्या आधारे हक्क ठरतात.

ही यंत्रणा आज संपली आहे असे मानायला आधार नाही. 2018 च्या जनगणनेत, जी प्रामुख्याने ऑनलाइन घेतली गेली, माओरींचा प्रतिसाद सुमारे 68 टक्के होता. तूट प्रशासकीय नोंदींतून भरून काढावी लागली आणि ‘इवी’निहाय, म्हणजे माओरी टोळीनिहाय, आकडे अधिकृत सांख्यिकी म्हणून प्रसिद्ध करता आले नाहीत. त्यानंतर जून 2025 मध्ये सरकारने दर पाच वर्षांनी होणारी पारंपरिक जनगणना बंद करून 2030 पासून मुख्यतः करविषयक, शैक्षणिक आणि आरोग्यविषयक नोंदींवर विसंबणाऱ्या पद्धतीची घोषणा केली. खर्चाचा युक्तिवाद समजण्याजोगा आहे आणि अशा पद्धतीने काही माहिती अधिक ताजी मिळेल, हेही खरे. पण प्रशासकीय नोंद ज्याचा शासनसंस्थांशी नियमित संबंध येतो त्याची होते. जो वारंवार घर बदलतो, दवाखाना टाळतो किंवा कार्यालयावर विश्वास ठेवत नाही, त्याची नोंद विरळ आणि शिळी असते. करखात्याच्या नोंदीत ‘इवी’ची जागा नाही, आणि रुग्णाची वांशिक नोंद त्याला न विचारता खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने केली, तर तो जुन्या प्रगणकाचाच निवाडा पुन्हा करीत असतो.

या मोजणीवर प्रतिनिधित्वही अवलंबून असते. न्यूझीलंडच्या संसदेतील माओरी मतदारसंघांची संख्या 1867 पासून चारच होती. 1993 च्या निवडणूक कायद्याने ती माओरी मतदारयादीतील नोंदणीशी आणि जनगणनेतील माओरी वंशाच्या लोकसंख्येशी जोडली. शाळा, दवाखाने आणि भाषाशिक्षण यांचे नियोजनही याच लोकसंख्येच्या आकड्यांवर आधारलेले असते. म्हणून नव्या पद्धतीत प्रत्येक ‘इवी’साठी आणि प्रत्येक वयोगटासाठी किती लोक खरोखर नोंदीत सापडले आणि किती अनुमानाने भरले, ही दोन प्रमाणे मूळ आकड्याच्या शेजारी छापली गेली पाहिजेत, आणि ती तपासण्याचा अधिकार ज्यांची मोजणी होते आहे त्यांच्या संस्थांकडेही असला पाहिजे.