लोकर, गोणपाट आणि बोरघाटाची वाट

दिवाळी सरली की कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. देशावरच्या कोरडवाहू गावांतून निघालेले धनगर घाट उतरून कोकणपट्टीत येतात, कापणी झालेल्या खाचरांत रात्री मेंढ्या बसवतात, त्या खताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा रोख रक्कम घेतात आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा घाट चढतात. वर्षातील बरेच महिने चालायचे आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहायचे, हा क्रम जैन कुटुंबांना नवा नाही. चातुर्मास संपल्यावर मुंबई-पुणे विहार करणारे साधू-साध्वीही खोपोलीवरून याच घाटाने जातात. या दोन वाटसरूंमध्ये आणखी एक साम्य आहे, ते म्हणजे लोकर. धनगराच्या खांद्यावर काळी घोंगडी असते. श्वेतांबर साधूंजवळ कामळी असते आणि लोकरीच्या दशांचे रजोहरण तर क्षणभरही दूर होत नाही.

धनगराजवळच्या या लोकरीला मात्र आज बाजारात फारसे कोणी विचारत नाही. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, जाड आणि अंगाला बोचणारी. एका मेंढीपासून वर्षाला ती जेमतेम अर्धा-पाऊण किलो मिळते. धनगर स्त्रियांनी चरख्यावर सूत काढावे, सणगर विणकरांनी ते मागावर चढवावे, चिंचोक्याची खळ लावून ताठ करावे आणि घोंगडी सिद्ध व्हावी, अशी जी साखळी होती तिची एकेक कडी कारखान्यातील स्वस्त ब्लँकेटांनी तोडली. कित्येक ठिकाणी लोकर कातरण्याची मजुरीही तिच्या विक्रीतून सुटत नाही, आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून दिली जाते. मग मेंढपाळ माडग्याळसारख्या जातींकडे वळतात. त्यांच्या अंगावर लोकर कमी आणि मांस अधिक. पूर्वीही मेंढ्या खाटकाकडे जात होत्याच; पण जिवंत मेंढीची जी काही स्वतंत्र किंमत होती, ती लोकरीसोबत घटत गेली. अहिंसेचा विचार करणाऱ्या घराने ही गोष्ट माहीत करून घ्यावी. एखाद्या घरातील चार आसनांनी हे गणित बदलेल, असे भासवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल.

अंगाला बोचणारी लोकर पायाखाली मात्र उत्तम. तिच्यापासून माग नसतानाही जाजम करता येते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आणि कॅनडाच्या अटलांटिक प्रांतांत एकोणिसाव्या शतकात हे काम घरोघर होऊ लागले. तेथे त्याला ‘रग हुकिंग’ म्हणतात. मराठीत त्याला रूढ शब्द नाही. आकडीचा गालिचा म्हटले तर अर्थ कळतो. जुन्या लोकरी कपड्यांच्या पट्ट्या आणि रिकामी झालेली पोती एवढेच त्या स्त्रियांचे भांडवल. ती पोती तागाची होती आणि तो ताग बंगालमधील शेतांत पिकलेला असे. म्हणजे या परदेशी कलेचा अर्धा कच्चा माल मुळात इथलाच. काश्मीरमध्ये जाड कापडावर आरीने लोकरीची साखळी ओढून जे गालिचे करतात, ते या कामाचे जवळचे नातलग म्हणता येतील.

कृती सोपी आहे, पण घाईची नाही. सारख्या विणीचा गोणपाट लाकडी चौकटीवर ताणून बसवावा आणि त्यावर ठळक रेषांनी आकृती काढावी. जुनी घोंगडी, शाल किंवा लोकरी कापड गरम पाण्यात धुऊन घट्ट करून घ्यावे, म्हणजे कापल्यावर धागे सुटत नाहीत. मग त्याच्या सुमारे सहा मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या कापाव्यात. डाव्या हाताने पट्टी गोणपाटाच्या खाली धरावी, उजव्या हातातील आकडी वरून छिद्रात घालावी आणि पट्टीचा लहान फास वर ओढून घ्यावा. क्रोशाची जाड सुई लाकडी मुठीत बसवली तरी आकडीचे काम भागते. फासाची उंची साधारण पट्टीच्या रुंदीइतकी असावी. एक-दोन छिद्रे सोडून पुढचा फास घ्यावा. प्रत्येक छिद्र भरण्याचा मोह नवशिक्याला होतो आणि जाजम कडेने वर उचलले जाते. गाठ कुठेही मारायची नाही. फास एकमेकांच्या दाबानेच टिकतात. पट्टी संपली की तिचे टोक वर काढून फासांच्या उंचीला कापावे. मागच्या बाजूने पट्टी एका ठिकाणाहून दुसरीकडे ओढून नेऊ नये, कारण तीच पुढे पायात अडकून उसवते. आधी आकृतीच्या कडा, मग आतला भाग, शेवटी पार्श्वभूमी. जेवढे क्षेत्र भरायचे त्याच्या सुमारे चौपट कापड लागते. दीड फूट चौरस आसनासाठी नऊ-दहा चौरस फूट धरावे.

आकृती कोठून आणायची, हा खरा प्रश्न आहे, आणि या कलेच्या इतिहासात त्याची दोन उत्तरे सापडतात. मेन राज्यातील बिडफर्ड येथील एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट हा दारोदार फिरून वस्तू विकणारा फेरीवाला. गृहिणी गालिच्यांसाठी नक्षी शोधत असतात, हे त्याने हेरले आणि 1860 च्या दशकाच्या अखेरीस पत्र्याचे साचे कापून गोणपाटावर छापलेल्या तयार आकृत्या विकावयास आरंभ केला. फुलांचे गुच्छ, सिंह अशा त्याच्या आकृत्या अतिशय लोकप्रिय झाल्या. ज्या घरांनी सिंह कधी पाहिला नव्हता त्या घरांच्या जमिनीवर सिंह येऊन बसले. दुसरे उत्तर लॅब्राडोर आणि न्यूफाउंडलँडच्या थंड किनाऱ्यावरचे. 1892 मध्ये तेथे पोहोचलेले इंग्रज डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल यांच्या सेवाकार्यातून पुढे तेथील स्त्रियांच्या या हस्तकलेला बाजार मिळाला. ग्रेनफेल होडीतून आणि कुत्र्यांच्या घसरगाडीतून रुग्णांपर्यंत जात. त्या जाजमांवर घसरगाडी ओढणारे कुत्रे, हिमनग, होड्या आणि पांढरी अस्वले दिसतात. काही आकृत्या स्वतः डॉक्टरांनी काढलेल्या होत्या. आज जुन्या जाजमांचे संग्राहक ही जाजमे पाहताक्षणी ओळखतात, कारण ती एका विशिष्ट किनाऱ्याची आहेत. फ्रॉस्टचा सिंह कुठल्याही गावचा असू शकतो.

प्रवासात नक्षी सापडते ती अशी; पण ती छायाचित्रात क्वचित सापडते. फास जाड असतो. पानांच्या शिरा, माणसाचे डोळे, देवळाच्या शिखरावरील कोरीवकाम यांतले काही त्यात उतरत नाही. शंभर छायाचित्रे घेऊन परतलेल्या प्रवाशाला म्हणूनच कोणते दृश्य जमेल हे ठरवता येत नाही. त्याऐवजी दिवसभर पाहावे, आणि रात्री मुक्कामी जाड खडूने हाताच्या तळव्याएवढ्या कागदावर आठवेल तेवढेच काढावे. पाच-सहा रेषांत जे मावले ते जाजमावर मावते. जे आठवले नाही ते गाळण्याचे काम मनाने आधीच करून ठेवलेले असते.

पाहण्यासाठी वेग कमी लागतो, आणि खोपोलीच्या घाटाने हा धडा फार पूर्वी दिलेला आहे. 1856 मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि 1858 मध्ये खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली. मधला चढ मात्र प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून किंवा पायी पार करावा लागे. 1863 मध्ये घाटातील मार्ग पूर्ण झाला आणि पाच वर्षांची ही सक्तीची संथ यात्रा संपली. द्रुतगती मार्गाने जाणाऱ्याला आज हा घाट म्हणजे काही बोगदे आणि वळणे एवढाच उरतो. कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकीजवळ बसणाऱ्याला अधिक मिळते. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी छोटी स्थानके मागे पडत असता दोन्ही बाजूंची खाचरे नजरेत भरतात. त्यांचे वेडेवाकडे बांध ही आयती बाह्यरेषा आहे: श्रावणात हिरवी, आश्विनात पिवळी, पौषात करडी. त्याच बांधांवर तीन ऋतूंची तीन आसने होतील. पुढे नागफणीचा सुळका एका रेषेत ओळखू येतो. 1915 मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या वीजगृहाकडे डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याच्या नळांच्या समांतर रेषा तर आकडीसाठीच आखल्यासारख्या दिसतात. निसर्गचित्राच्या शोधात असलेला मनुष्य त्या टाळतो. जाजम करणाराने त्या टाळू नयेत.

जुन्या महामार्गावर घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. या घाटाची वाट इंग्रज अभियंत्यांना एका धनगराने दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागताच त्याला गोळी घातली गेली, अशी आख्यायिका सांगितली जाते. कागदपत्रांत तिचा आधार शोधणे हे इतिहासकारांचे काम. कळपामागून चालणाऱ्या माणसाला डोंगराच्या घड्या मोजमाप करणाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक असणार, एवढे तिच्यात विश्वास बसण्यासारखे आहे. त्या देवळासमोर वाहनचालक आजही क्षणभर थांबतात. आकृतीसाठी ते वळण, एक दगडी कोनाडा आणि काळ्या ठिपक्यांचा कळप पुरेसा आहे.

रंगांची चिंता दख्खनी लोकर बरीच कमी करते. काळा, गडद तपकिरी, करडा आणि मळकट पांढरा हे तिचे जन्मजात रंग, आणि पावसाळ्यातील बोरघाट याहून निराळा नसतो: ओला कातळ, धुके आणि धबधब्याची पांढरी रेघ. एखादा उजळ रंग हवाच असेल तर पांढरी लोकर तुरटीच्या पाण्यात भिजवून डाळिंबाच्या सालीत उकळावी. टिकाऊ पिवळा येतो. हळदीचा रंग पहिल्या दिवशी अधिक सुंदर दिसतो आणि उन्हात लवकर उडतो.

सामायिकाचे कटासणे मात्र या पद्धतीने करू नये. ते साधे, पांढरे, एका पातळीचे असते यामागे कारण आहे. पडिलेहणाच्या वेळी बारीकशी मुंगीही नजरेस पडली पाहिजे, आणि फासांच्या दाट रानात जीव लपतो. आकडीचे जाजम बैठकीच्या खोलीत, आजोबांच्या खुर्चीपाशी, अभ्यासाच्या मेजाखाली शोभते. तेथेही कसर लागल्यावर औषध फवारण्याची वेळ न येऊ देणे हेच बरे. महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्यावे, कुंच्याने झाडावे आणि गुंडाळून ठेवताना वाळलेली कडुनिंबाची पाने घालावीत. खोपोलीच्या पावसात तागाला बुरशी धरते, म्हणून आषाढात काम काढू नये. पावसाळ्यात कागदावरच्या आकृत्या जमवाव्यात आणि गोणपाट दिवाळीनंतर ताणावा. तोवर खाचरांत मेंढ्या आलेल्या असतात. वाड्यावर जाऊन लोकरीची चौकशी करावी, दर पाडून मागू नये, आणि पिशवी घरूनच न्यावी.