एकच रकाना

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची थोरली बहीण तालुक्याच्या गावी राहते. सारे तिला अक्का म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. लहानपणी पोलिओ झाल्याने अक्काचा डावा पाय लुळा आहे. नवरा जाऊन नऊ वर्षे झाली. घरात अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली सासू आणि सातवीतली मुलगी. गोधड्या शिवून आणि लोकांच्या शेंगा फोडून देऊन तिचे चालते. तिच्याबरोबर तहसील कचेरीत जाण्याचा प्रसंग मध्यंतरी आला.

टेबलापलीकडचे कारकून गृहस्थ भले होते. त्यांनी नाव शोधले आणि म्हणाले, ‘‘मावशी, तुमचं नाव विधवांच्या यादीत आहे. वाढीव पैसे दिव्यांगांना आहेत.’’

‘‘पण साहेब, पाय तर दिसतोय ना?’’

‘‘मला दिसतोय हो. कागदावर दिसायला पाहिजे.’’

अक्काला मिळतात ते पैसे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे. १९८० साली अंतुले मुख्यमंत्री असताना ही योजना सुरू झाली. योजना चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. विधवा, परित्यक्ता, अपंग, अनाथ मुले, क्षय, कर्करोग, कुष्ठरोग अशा आजारांनी हात टेकलेली माणसे, या सगळ्यांची आठवण तिने ठेवली. जुलै २०२३ पासून अनुदान महिना १,५०० रुपये झाले आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ते २,५०० करण्यात आले. अक्का विधवाही आहे आणि दिव्यांगही. पण अर्जात प्रकार एकच लिहायचा असतो. नऊ वर्षांपूर्वी, नवऱ्याचे दिवस नुकतेच झालेले असताना, कुणीतरी तिच्या वतीने ‘विधवा’ लिहून टाकले. त्या एका शब्दाची किंमत आता महिन्याला हजार रुपये झाली आहे.

सरकार दुःखाची गणती एकेक करून करते. घरात मात्र ती एकेक येत नाहीत, आणि आली की एकमेकांना धरून बसतात. पाय अधू म्हणून अक्काला रोजगार हमीचे काम झेपत नाही. नवरा नाही म्हणून एसटीत हात धरून चढवणारे कोणी नाही. सासू अंथरुणावर, म्हणून दिवसभर घर सोडता येत नाही. ज्या दिवशी आई कचेरीत जाते, त्या दिवशी मुलगी शाळा बुडवून आजीजवळ बसते. मुलीच्या हजेरीपुस्तकात त्या दिवसापुढे नुसते ‘गैरहजर’ लागते. शाळेने त्याचे कारण कुठल्या रकान्यात लिहावे?

बरे, प्रत्येक दुःखाचे कागद निराळे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आरोग्य खात्याच्या रुग्णालयात, तेही तपासणी मंडळ बसते त्या वारी, आणि किमान ४० टक्के अपंगत्व भरले तरच. उत्पन्नाचा दाखला महसूल खात्याकडून. धान्य पुरवठा खात्याकडून. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत याचा दाखला. धडधाकट माणूस एका अडचणीसाठी दोन हेलपाटे घालतो, तर तीन अडचणींच्या माणसाने किती घालायचे? ज्याच्या अंगात जाण्यायेण्याचे बळ सर्वांत कमी, त्यालाच सर्वांत जास्त खेटे, असा हा उफराटा हिशेब आहे.

उत्पन्नाच्या मर्यादेचेही तसेच. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा तिची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये होती. त्याच वेळी निराधार विधवेच्या कुटुंबासाठी ती २१ हजार होती, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात तीन माणसे जगतात असा दाखला मागणे म्हणजे खोटे लिहायला लावणेच नव्हे काय?

अधिकारी मंडळींचे यावर ठरलेले उत्तर असते, की दुहेरी लाभ घेणारे बोकाळतात. त्यात तथ्य नाही असे नाही. बोगस लाभार्थी आपण सर्वांनीच पाहिले आहेत. पण दुहेरी लाभ रोखायचा म्हणून दुहेरी अडचण नाकारायची, हे कुठले शास्त्र? दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला. दिव्यांगांना इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक साहाय्य द्यावे, असे त्याचे २४ वे कलम सांगते. म्हणजे जास्तीच्या अडचणीला जास्तीचा खर्च लागतो, हे कायद्याला मान्य आहे. आपल्याकडे २०२३ ची वाढ मात्र सर्वांना सरसकट सारखी झाली.

केरळने २०२१ पासून निराळी वाट धरली. अन्न, आरोग्य, निवारा आणि उत्पन्न या चार बाजूंनी पाहून ६४,००६ अतिदरिद्री कुटुंबे निश्चित केली आणि प्रत्येक कुटुंबासाठी स्वतंत्र आराखडा केला. कुणाला आधी औषध, कुणाला आधी छप्पर, कुणाला आधी नुसते रेशनकार्ड. १ नोव्हेंबर २०२५ रोजी तिथल्या सरकारने राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्या दाव्यावर अर्थतज्ज्ञांनी शंका घेतल्या, त्यांचा वाद ते घालोत. आपल्याला घेण्यासारखे एवढेच, की तिथे यादी योजनेची नव्हती, कुटुंबाची होती, आणि कागद नसेल तर तो मिळवून देणे हेही काम मानले गेले.

महाराष्ट्राला हे अगदीच अपरिचित नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये करोनाने विधवा झालेल्या स्त्रियांसाठी ‘मिशन वात्सल्य’ निघाले. तालुक्याच्या पातळीवर तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समिती आणि वेगवेगळ्या खात्यांच्या योजना एका ठिकाणी, अशी ती कल्पना होती. एका साथीने जे सुचवले, ते साथ ओसरल्यावर प्रत्येक तालुक्यात कायमचे का असू नये? नवे खाते नको, नवी इमारत नको. आलेल्या बाईला ‘तुमचा प्रकार कोणता’ असे न विचारता ‘घरी कोण कोण आहे’ असे विचारणारे एक टेबल हवे, आणि पुढचे कागद त्या टेबलाने फिरवावेत.

तूर्त अक्काच्या अर्जाचे घोडे प्रमाणपत्रापाशी अडले आहे. मंडळ बुधवारी बसते. नेमकी त्याच दिवशी मुलीची चाचणी परीक्षा आहे. म्हणून आमच्या पोळ्यांच्या बाई सासूजवळ बसायला गावी जाणार आहेत. त्या चार घरी कामाला जातात. त्यांपैकी दोन घरांनी खाडा धरू म्हणून आधीच सांगून ठेवले आहे.