तोंडातील टाळूचा छुपा दुभंग वेळेत ओळखण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नवजात बालके, अंगणवाड्या व शाळा यांतील आरोग्य तपासणीत टाळूचा छुपा दुभंग तपासण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पालघर जिल्ह्यातील पालक आहोत. आमच्या मुलांच्या टाळूत जन्मापासून दोष होता आणि तो कोणाला तरी दिसेपर्यंत मुले शाळेत जाऊ लागली होती. फाटलेला ओठ जन्मताच सगळ्यांना दिसतो. उघडा दुभंगलेला टाळू बहुधा दूध पाजताना लक्षात येतो. आमच्या मुलांच्या तोंडात मात्र वरची त्वचा अखंड होती, तिच्याखालचे स्नायू मधोमध जुळलेले नव्हते. अस्तर शाबूत आणि आतली शिवण उसवलेली, असा हा प्रकार. डॉक्टर याला सबम्युकस क्लेफ्ट पॅलेट म्हणतात. या निवेदनात आम्ही 'छुपा दुभंग' असे म्हटले आहे.

शब्दाचा एक घोळ आधीच सांगतो. आपल्याकडे टाळू म्हटले की आजीचा हात बाळाच्या डोक्यावर जातो, कारण तेल भरायची टाळू तिथे असते. 'टाळूला भेग आहे' हे ऐकून आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी महिनाभर बाळाच्या डोक्याला तेल जिरवले. म्हणून विभागाच्या प्रत्येक पत्रकात 'तोंडातील टाळू' असेच छापावे.

निदान किती उशिरा होते, हे एका घराच्या हकिकतीवरून कळेल. मुलगी अंगावर पिताना नाकातून दूध येई. 'हावरट आहे, सावकाश पाजा' असे सांगण्यात आले. वर्षाची झाल्यावर वरचेवर कान दुखू लागले. मग ती बोलू लागली आणि बापाला 'मामा' म्हणू लागली, दादाला 'नाना'. घरात हशा पिकला. ती बाबा आणि दादा असेच म्हणत होती, पण ब आणि द यांना लागणारा वारा तोंडात साठण्याऐवजी नाकातून निसटत होता, म्हणून ऐकणाऱ्याला म आणि न ऐकू येत होते. हे आम्हाला कळायला पुढे पाच वर्षे लागली. तोवर मधात वेखंड उगाळून झाले, जिभेखालची शीर कापायचा सल्ला मिळाला. ग्रहणात भाजी चिरली होती का, हा प्रश्न तर आईला किती वेळा विचारला गेला त्याची मोजदाद नाही. चौथ्या वर्षी एका खासगी दवाखान्यात घोरण्यासाठी नाकामागची ॲडेनॉइडची गाठ काढली आणि बोलणे आणखी गेंगाणे झाले. सातव्या वर्षी एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी 'आ कर' म्हणून टॉर्च मारला. पडजिभेला दोन टोके होती. पाहायला अर्धे मिनिट लागले असेल.

ही चिन्हे नवी नाहीत. ब्रिटिश शल्यविशारद जेम्स कॅलनन यांनी १९५४ सालीच ती नोंदवली होती : दुभागलेली पडजीभ, टाळूच्या मध्यरेषेवर निळसर पातळ दिसणारा पट्टा आणि कठीण टाळूच्या मागच्या कडेला बोटाला लागणारी खाच. तिन्ही चिन्हे प्रत्येक मुलात असतीलच असे नाही. शिवाय शंभरात एखाद-दुसऱ्या माणसाची पडजीभ नुसतीच दुभागलेली असते आणि त्याला काही त्रास नसतो. त्यामुळे केवळ पडजीभ पाहून कोणाला घाबरवू नये.

प्रमाणाविषयी. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात १०,८३६ शाळकरी मुलांची तोंडे तपासली गेली, ती पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. तीत ९ मुलांत छुपा दुभंग सापडला, म्हणजे साधारण १२०० मुलांत एक. वैद्यकीय ग्रंथांत सामान्यतः ०.०२ ते ०.०८ टक्के हे प्रमाण दिलेले असते. म्हणजे लाख मुलांमागे २० ते ८०. आकडा लहान वाटेल, पण ज्या जिल्ह्यात पाच लाख मुले आहेत तिथे तो १०० ते ४०० होतो. यातल्या पुष्कळ मुलांचे बोलणे नीट असते, त्यांना कधीच उपचार लागत नाहीत, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. सरसकट शस्त्रक्रिया करा, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांना त्रास होतो त्यांना वेळेत शोधा, एवढेच म्हणणे आहे. टाळूचे तेच स्नायू कानाची नळी उघडायला लागतात, त्यामुळे कानात पाणी साचून ऐकू कमी येते. नाकातून निसटणारा वारा आवरण्यासाठी मूल घशातच आवाज तोडायला शिकते आणि ही सवय वर्षागणिक पक्की होते. टाळूचे स्नायू शस्त्रक्रियेने जुळवता येतात, मात्र पक्की झालेली सवय मोडायला नंतर कित्येक महिने वाचा-उपचार घ्यावे लागतात. उलट, स्नायू जुळलेले नसताना नुसते उच्चारांचे धडे देत राहिले, तर मूल आणि शिकवणारा दोघेही थकतात.

महोदय, यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशात सुरू झाला तो आमच्याच पालघरमधून. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांच्या ३० आजारांच्या त्याच्या यादीत दुभंगलेले ओठ व टाळू आहेतच. त्याचे पथक नियमाप्रमाणे अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. म्हणजे तीन ते सहा या वयात मूल सहा वेळा डॉक्टरांसमोर उभे राहते. सहाही वेळा वजन होते, उंची होते, दंडाचा घेर मोजला जातो. मुलाला बोलते मात्र कोणी करत नाही.

आमची मुख्य मागणी इथेच आहे. अंगणवाडीतील तपासणीत प्रत्येक मुलाकडून एक वाक्य म्हणवून घ्यावे. 'काका, पोपटाला पेरू द्या' यासारखे, ज्यात म, न यांसारखे नाकातले एकही अक्षर नाही. म्हणताना नाकपुड्यांखाली छोटा आरसा धरावा. आरशावर वाफ धरली किंवा नाक चिमटीत धरल्यावर आवाज बदलला, तर त्या मुलाचा टाळू टॉर्चने पाहावा आणि त्याला पुढे पाठवावे. सर्दी असलेल्या मुलाची तपासणी पुन्हा करावी. जव्हार-मोखाड्याकडे वाक्य वारलीत असावे, ते तिथल्या अंगणवाडी सेविका आमच्यापेक्षा चांगले रचतील. आरसा आणि टॉर्च यांचा खर्च किती, हे विभागाने काढावे, आम्हाला लिहायला संकोच वाटतो.

प्रसूतिगृहातून बाळ घरी जाण्यापूर्वी त्याचा टाळू पडजिभेपर्यंत टॉर्च व जीभ दाबायच्या पट्टीने पाहावा आणि पाहिल्याची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर करावी. नुसते बोट फिरवून भागत नाही. ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१४ साली नेमकी हीच सूचना केली आहे. छुपा दुभंग त्या दिवशी निसटू शकतो, म्हणूनच दुसरी तपासणी मूल बोलू लागल्यावर हवी. मधल्या काळासाठी आशाताईंच्या गृहभेटीच्या नोंदीत 'नाकातून दूध येते का?' हा एक प्रश्न वाढवावा. रुग्णालयातील प्रसूतीनंतर त्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. आईला त्यांच्याशी बोलताना संकोच वाटत नाही.

ॲडेनॉइडच्या शस्त्रक्रियेपूर्वी टाळू तपासल्याची लेखी नोंद शासकीय व खासगी दोन्ही रुग्णालयांना सक्तीची करावी. छुपा दुभंग असलेल्या मुलात ही फुगलेली गाठच नाकाकडची वाट थोडीफार झाकत असते, ती काढली की झाकण जाते. आमच्या सह्यांतील तीन घरांना याचा अनुभव आहे. टाळूच्या दोषासोबत हृदयाचाही जन्मजात दोष असेल, तर २२व्या गुणसूत्राच्या तपासणीसाठी त्या मुलाला पाठवावे.

जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील वाचा-उपचारतज्ज्ञाचे पद कधीही रिक्त राहू नये. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उत्तम आहे, पण मोखाड्याहून तिथे जाऊन येणे म्हणजे घरातल्या दोघांची दोन दिवसांची मजुरी बुडणे, आणि हे उपचार एका फेरीत संपत नाहीत. महिन्यातून दोन दिवस हे तज्ज्ञ ग्रामीण रुग्णालयात बसले तरी चालेल. कार्यक्रमाच्या अहवालात छुप्या दुभंगाचा वेगळा रकाना करून निदानाच्या वेळचे वयही लिहावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे. आमच्या मुलांना त्या प्रमाणपत्राची गरजच पडू नये, अशी आमची इच्छा आहे.

येत्या शालेय वर्षातील तपासणी सुरू होण्यापूर्वी याबाबतचे परिपत्रक काढावे आणि आमच्या पाच प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
पालघर जिल्ह्यातील पालक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पालघर
मा. जिल्हा शल्य चिकित्सक, पालघर