रांग गिऱ्हाईक लावत नाही, काउंटर लावतो

मागच्या व्हिडिओत मी बोललो होतो की दुकानात गर्दी दिसली म्हणजे धंदा झाला असं नाही. बऱ्याच जणांना ते पटलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो. पण सुरुवात दुकानापासून नाही, कोरोनातल्या सीमेपासून.

आपल्या खांडबाऱ्याच्या माणसाला गुजरात कधी परका वाटलाच नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. कापड सुरतहून, मोठा दवाखाना व्यारा नाहीतर सुरतला, मजुरी बारडोलीकडे. आणि 1 एप्रिल 2021 पासून गुजरातने बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांना 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट सक्तीचा केला.

त्याच आठवड्यात मी लग्नसराईच्या मालासाठी निघालो. रिपोर्ट खिशात होता, तरी एका नाक्यावर दोन तास गेले. कारण एकच रांग! रिपोर्टवाले, बिनरिपोर्टवाले, पेशंट घेऊन निघालेली जीप, सगळे त्यातच. मजुरांच्या पिकअपला तर रिपोर्ट लागतो हेच टेबलापाशी पोचल्यावर कळलं. वर एप्रिलचं ऊन. सावलीला एकच झाड, त्याखाली पन्नास माणसं खांद्याला खांदा लावून, मास्क हनुवटीवर. आजार अडवायला लावलेली रांग, आणि आजार पसरायला त्याहून चांगली जागा कुठली?

तपासणी नको होती असं मी म्हणत नाही. हवीच होती. टेबलावरचा माणूसही उन्हातच बसला होता, त्याचा दोष नाही. दोष मांडणीचा.

हिशोब करून बघा. दहा माणसं आहेत. सात जणांचे कागद तयार, प्रत्येकी 2 मिनिटं. तिघांचे अर्धवट, प्रत्येकी 10 मिनिटं. ते तिघे पुढे असले तर बाकीचे सात जण आधी अर्धा तास नुसते उभे. तयार कागदवाल्यांची रांग वेगळी केली, तर सातही जण 14 मिनिटांत मोकळे. एक जादा टेबल, बस.

दुसरी गोष्ट, नियम आधी कळायला हवा. नोव्हेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राने गुजरातहून येणाऱ्यांना विमानासाठी 72 तासांच्या आतला, रेल्वेसाठी 96 तासांच्या आतला रिपोर्ट सांगितला, रस्त्याने आलात तर लक्षणांची तपासणी. मे 2021 मध्ये सगळ्यांनाच 48 तास. सामान्य माणसाने हे कुठे आणि कसं लक्षात ठेवायचं?

विमानतळावर तरी वेगळं काय होतं? ओमायक्रॉन आला तेव्हा, 1 डिसेंबर 2021 पासून, जोखमीच्या देशांतून मुंबईत उतरणाऱ्यांची तिथेच टेस्ट, आणि रिपोर्ट येईपर्यंत बाहेर पडायचं नाही. थांबणं तिथेही होतंच. पण एक गोष्ट शिकण्यासारखी होती: ‘एअर सुविधा’ पोर्टल. माहिती आणि रिपोर्ट विमानात बसायच्या आधीच भरायचा. म्हणजे कागदाचं काम रांगेच्या आधी.

आता खरं सांगतो. पुढच्या वर्षी लग्नसराईत माझ्याच दुकानात मी तेच केलं. बिल, बदली आणि उधारी, सगळं एकाच काउंटरवर. एक मावशी फक्त ब्लाऊजपीस बदलायला आल्या होत्या. वीस मिनिटं उभ्या राहिल्या आणि न बोलता निघून गेल्या. परत आल्या नाहीत. तेव्हा मला ते झाड आठवलं. नाक्यावर चिडणारा मी, माझ्या दुकानात मीच नाका झालो होतो.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ:

1. बदलीला काय लागतं, उधारी कधी मिळते, हे दारावरच मोठ्या अक्षरात लिहा. वाचता न येणाऱ्याला पोऱ्याने दारातच सांगावं.
2. बाजाराच्या दिवशी दोन मिनिटांचं काम आणि दहा मिनिटांचं काम वेगळं करा.
3. थांबवायचं असेल तर किती वेळ ते सांगा. म्हातारं माणूस, लेकुरवाळी बाई असेल तर आधी खुर्ची द्या.

नाक्यावर माणूस थांबतो, त्याला दुसरा रस्ता नसतो. तुमच्या गिऱ्हाईकाला शेजारचं दुकान आहे.

करून बघा आणि काय फरक पडला ते कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!