वेगाचे व्यस्त गणित

5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. सपाट भागात मोटारींना तेथे ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. ती अपुरी वाटणारे महाभागही आपल्या नाशकात आहेत. वेग वाढवून नेमका किती वेळ हाती लागतो, हे मात्र कागदावर मांडून पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

गणित अवघड नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सांगितलेले व्यस्त त्रैराशिकच येथे लागू पडते. नाशिक-शिर्डी अंतर सुमारे 90 किलोमीटर धरू. ताशी 30 च्या वेगाने तीन तास लागतील, 45 ने दोन, 60 ने दीड, 90 ने एक. म्हणजे 30 वर केवळ 15 वाढवले तर तासभर वाचला. पुढे 100 वरून 120 वर गेलात, तर वाचतात अवघी नऊ मिनिटे! त्यांचे मोल काय? गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर याच 20 किलोमीटरच्या वाढीने 44 टक्क्यांनी लांबते.

बैठकीला अर्धा तास उशीर झाला, आता सिन्नरच्या पुढे भरून काढू, असे म्हणणारे कार्यकर्ते आपल्या परिचयाचे आहेत. तो अर्धा तास भरून काढण्यासाठी 60 ने जाणाऱ्याला सारा रस्ता 90 ने कापावा लागेल. 90 ने जाणाऱ्याला 180 ने. अर्धा तास आधी घर सोडणे त्याहून सोपे नव्हे काय?

खरा वेळ जातो तो शहरात. गावातले 10 किलोमीटर ताशी 20 ने कापायला 30 मिनिटे लागतात, 30 ने 20. दहा मिनिटे वाचली, तीही जीव धोक्यात न घालता. महामार्गावरच्या त्या नऊ मिनिटांहून एक अधिकच! सिंहस्थाच्या निमित्ताने नाशकात रस्त्यांवर मोठा खर्च होतो आहे. तेव्हा नागरिकांनी प्रशासनाकडे आग्रह धरायचा तर तो द्वारका चौकातील कोंडीसाठी, सिग्नलच्या वेळांसाठी आणि रस्त्यावरच्या अतिक्रमणांसाठी धरावा. महामार्गावरची 120 ची मर्यादा आहे तेथेच राहू द्यावी.