निर्गुडीचा पाला आणि उंदराचा पाय

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या आमच्या आत्याबाई गुडघा सुजला की बांधावरची निर्गुडी तोडून आणायच्या. पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचा आणि सकाळी पुन्हा खुरपणीला जायचे. रोज बुडवणे परवडत नसे. गुण पाल्याचा की नुसत्या शेकाचा, म्हणून आम्ही शिकलेली पोरे त्यांना हसायचो.

प्रयोगशाळेत याचा निवाडा असा करतात. समुद्रशेवाळातून काढलेले कॅराजीनन उंदराच्या मागच्या पायात टोचतात. पाय सुजतो. काही उंदरांना आधीच पाल्याचा अर्क पाजलेला असतो, काहींना नुसते पाणी, काहींना माहितीतले औषध. मग तासातासाने सूज मोजायची. ही रीत १९६२ सालची. २००३ साली श्रीलंकेच्या संशोधकांनी निर्गुडीच्या ताज्या, जून पानांचा पाण्यातला अर्क असाच तपासला. सूज उतरली, वेदनाही कमी झाली. आमचे हसणे तिथेच थांबले!

मात्र भगिनींनो, तो अर्क उंदरांना मोजून पोटात दिला होता; आपण पाला वरून बांधतो. तेव्हा मनानेच काढा करून पिऊ नका. आणि सांधा लालबुंद होऊन ताप भरला, तर पाला ठेवा बाजूला, त्याच दिवशी दवाखाना गाठा.